डोळ्यांशी संपर्क टाळा

मेडिकलच्या काउंटरवर ती निळी बाटली दिसली की माझं डोकं अजून फिरतं. मी गेलेली असते सर्दीची गोळी घ्यायला, आणि लिपस्टिका नि कापसाच्या पाकिटांच्या मधे ती उभी असते, निळ्या पाण्यावर तेलाचा थर घेऊन. 'आय मेकअप रिमूव्हर.' नुसतं नाव वाचलं तरी डोळे चुरचुरतात. नवरा म्हणतो, "बाटलीवर काय चिडतेस?" त्याचं बरोबर आहे. बाटलीनं आपणहून काही केलं नाही. जे केलं ते माणसांनी, आणि त्यातलं एकही माणूस आजवर "आमचं चुकलं" असं म्हणालेलं नाही. मग चिडायचं कुणावर?

आणि बाटली दिसली की आक्का आठवते.

आक्का माझी नात्यानं कुणी नव्हती. रांजणगावच्या एमआयडीसीत, गाड्यांच्या डॅशबोर्डवर बसतात त्या स्क्रीन बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघी कंत्राटावर होतो आणि शिरूरला एकाच खोलीत भाड्यानं राहत होतो. मी केडगावची, मिशनच्या आवाराशेजारी वाढलेली, बीएस्सी करून पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली. ती चाळिशीची, दौंडकडची, एकटी. लग्नाबद्दल तिनं एकदाच सांगितलं, तेही भाजी निवडता निवडता. "झालं हुतं. मग न्हाई ठिवलं." कुणी कुणाला ठेवलं नाही हे मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं, तिनंच.

पहिल्या दिवशी मी तिला 'तुम्ही' म्हटलं तर तिनं हातातला झाडू खाली ठेवला.

"मला तू म्हण. तुम्ही म्हणलं की मला वाटतं माझं काय तरी चुकलं."

हे मला काही दिवसांनी समजलं. आक्काच्या तोंडी 'तुम्ही' हा रागाचा शब्द होता. आवडत्या माणसाला अरे-तुरे, आणि राग जितका जास्त तितका मान मोठा. घरमालकाला ती एरवी "आरं भाऊ" म्हणायची. पाण्याची मोटर बंद ठेवली त्या दिवशी "तुम्ही जरा खाली येता का" झालं, आणि तो माणूस अक्षरशः धावत आला. एकदा शेजारच्या मांजरानं आमचं दूध सांडलं. आक्का कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी. "तुम्ही आता बाहेर जायचं. परत इकडं यायचं न्हाई. कळलं का तुम्हाला?" मांजर गेलं. खरंच परत आलं नाही.

दुसरी तिची सवय म्हणजे, "हे ठरवलं कुणी?" बसचा थांबा स्टँडसमोरून पुढं नेला, हे ठरवलं कुणी? कँटीनमध्ये बायकांची रांग पुरुषांच्या नंतर, हे ठरवलं कुणी? वडापाववाल्यानं वडा लहान केला तरी तोच प्रश्न. बहुतेक वेळा ठरवणारा माणूस समोर नसायचाच. समोर असायचा कुणीतरी बिचारा ड्रायव्हर, वाढपी, पोऱ्या. तो खांदे उडवायचा. आक्का म्हणायची, "मग ज्यानं ठरवलं त्याला सांगा, एक बाई इचारत हुती." मला तेव्हा या सगळ्याची लाज वाटायची. लोक वळून बघायचे.

आणि तिचे डोळे. तिचा सगळा थाट डोळ्यांतच होता. साडी कुठली, चप्पल कुठली, तिला फिकीर नसे. केसांना तेल चोपडून अंबाडा घातला की झालं. पण डोळे आखल्याशिवाय ती कचरा टाकायलासुद्धा बाहेर पडत नसे. तिचा शब्द 'आखणं' हाच. मेकअप म्हटलं की चिडायची. "मेकअप म्हंजी तोंडावर दुसरं तोंड. मी फक्त आखते." वरच्या पापणीला जाड रेघ, खालच्या कडेला काजळ, वर मस्काऱ्याचे दोन हात, आणि भुवयांना पेन्सिल. पहिल्या शिफ्टला उशीर झाला तर हे सगळं ती कंपनीच्या बसमध्ये उरकायची. कारेगावचा स्पीडब्रेकर जवळ आला की पेन्सिल उचलायची, बस दणका खायची, की पुन्हा टेकवायची. रेघ कधी हलली नाही. मागच्या सीटवरची पोरं मोबाइल सोडून ते बघत बसायची.

आमचं काम क्लीनरूममध्ये. पांढरा सूट, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात हातमोजे. धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून माणूस असं गुंडाळायचं की आई समोर आली तरी ओळखायची नाही. उघडी राहते ती फक्त डोळ्यांची पट्टी. आत सगळे सारखे, पांढरे, उंची तेवढी कमी-जास्त. पण आक्का लांबून ओळखू यायची. मशीनवर एक बिहारी ऑपरेटर होता, तो म्हणायचा, "आक्का का तो आँख ही आयकार्ड है." तिला ते फार आवडलं होतं. घरी आल्यावर आरशात बघून दोनदा म्हणाली.

तिचे न आखलेले डोळे मी पहिल्यांदा पाहिले ते एका सकाळी, मोरीत. ती तोंड धूत होती आणि मी दार न वाजवता आत गेले. तिनं मान वर केली. दोन्ही पापण्यांवर कोड होतं, पांढरं, पार भुवईपर्यंत चढलेलं. पापण्यांचे केस पांढरे, भुवयांचा अर्धा भाग पांढरा. मी बघतच राहिले असेन. तिनं टॉवेल घेतला.

"झालं बघून? आता चहा ठेव."

चहा पिताना मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "म्हणून तू आखतेस होय."

कप खाली आपटला तिनं. "न्हाई. कोड नव्हतं तवाबी आखायचे. शाळेत असल्यापास्नं. कोड मागनं आलं. लोकांना वाटतं बाईनं काय केलं तर त्याच्यामागं काय तरी दुखणं असलं पायजे. मला आवडतं. एवढं कारण पुरत न्हाई का तुम्हाला?"

'तुम्हाला' म्हणाली. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून माल परत आला. काही स्क्रीनच्या आत बारीक काळे कण सापडले होते. ते कण कशाचे, रबराचे, शाईचे, की आणखी कशाचे, हे आम्हाला कधीच कुणी सांगितलं नाही. तपासलं असेल तर आमच्यापर्यंत आलं नाही. आमच्यापर्यंत आली ती भिंतीवर लावलेली नोटीस: महिला कर्मचाऱ्यांनी क्लीनरूममध्ये काजळ, आयलायनर, मस्कारा लावून येऊ नये. लावल्यास प्रवेशापूर्वी पुसावे.

आता, नियम म्हणून यात गैर काही नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. कुणी समजावून सांगितलं असतं, घरूनच न लावता या म्हणून चार दिवस दिले असते, तर प्रश्न मिटला असता. पण झालं काय, तर दुसऱ्या दिवसापासून लेडीज चेंजिंगरूममध्ये एक टेबल आलं. टेबलावर निळी बाटली, आणि कापसाचे बोळे ठेवलेला स्टीलचा वाडगा. शेजारी सिक्युरिटीची बाई. काजळ असो-नसो, सगळ्या पोरींनी डोळे पुसायचे आणि बोळा तिला दाखवायचा. बोळे कमी पडले की त्याच बोळ्याची दुसरी बाजू. तीही संपली की आधीच्या पोरीनं टाकलेल्यातला त्यातल्या त्यात बरा. लाइन सुरू व्हायला मिनिटं उरलेली, मागं रांग, पुढं बेसिन एकच. डोळे धुवायला थांबलं की लेट मार्क. तसेच झोंबणारे डोळे घेऊन आत पळायचं.

पुरुषांच्या चेंजिंगरूममध्ये टेबल नव्हतं. तंबाखूची पुडी तेवढी लॉकरमध्ये ठेवायची, तोंडात असली तर असली.

आक्कानं "हे ठरवलं कुणी?" विचारलं नाही. मला नवल वाटलं. ती गप्प सुपरवायझरकडे गेली, कंबर दुखते म्हणाली, आणि क्लीनरूमबाहेरच्या पॅकिंगला काम मागून घेतलं. तिथं सूट नाही, नियम नाही, टेबल नाही. मला कारण सांगायची गरज नव्हती. आत गेली असती तर त्या उघड्या पट्टीत सगळ्यांना काय दिसलं असतं, हे तिला आणि मलाच माहीत होतं.

पॅकिंगमधून तिच्या जागी आत आली कोमल. राहू गावची पोर, जेमतेम एकोणीस-वीसची, नाकात चमकी, हसली की मास्कमधूनसुद्धा कळायचं. एसीत काम मिळालं म्हणून खूश झाली होती. "आक्का, तुझ्यामुळं लॉटरी लागली बघ मला," असं म्हणून बसमध्ये तिला चिक्की दिली.

काही दिवसांतच कोमलचा उजवा डोळा लाल झाला. मग सुजला. ती पाणी पुसत काम करत राहिली, कारण कंत्राटाच्या माणसाला आजारपणाची रजा म्हणजे बिनपगारी. लाइनवर आणखी तिघी-चौघींचे डोळे आले होते, त्यांचे उतरले. कोमलचा उतरला नाही. एक दिवस तिला उजेडच सहन होईना, डोळा उघडेना, तेव्हा तिच्या आईनं तिला पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, बुबुळावर जखम झालीय. दिसण्याचं आत्ताच काही सांगता येत नाही.

सुपरवायझरला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला, "गावाकडं काय काय घालतात डोळ्यांत. घरचं काजळ बनवून लावलं असेल. कंपनीचं प्रॉडक्ट ब्रँडेड आहे."

कोमल काजळ लावायचीच नाही. एकदाही नाही. तिच्या आईला चालत नव्हतं. नुसता बोळा दाखवण्यासाठी ती डोळे पुसत होती.

हे मी घरी येऊन आक्काला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तवा उतरवला, गॅस बंद केला, हात धुतले आणि भिंतीला टेकून बसली.

"ती जागा माझी हुती," म्हणाली.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मला घेऊन ती स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये गेली. कंपनीतली निळी बाटली तिनं आधी मागितली. मग आणखी दोन वेगळ्या. दुकानदार खूश. "मॅडम, हे एकदम बेस्ट. पार्लरवाल्या हेच नेतात."

"तुम्ही लावून बघितलंय?" आक्कानं विचारलं. 'तुम्ही' ऐकून मी सावध झाले.

"मी? मी कशाला लावू?" तो हसला.

"मग बेस्ट कशावरनं?"

तिनं बाटली माझ्या हातात दिली. "मागं काय लिहिलंय वाच. मोठ्यानं." बारीक इंग्रजी अक्षरं होती. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. वापरण्यापूर्वी हलवा. लहान मुलांपासून दूर ठेवा. डोळ्यांशी संपर्क टाळा.

"काय टाळा?"

"डोळ्यांशी संपर्क टाळा."

"डोळे पुसायचं औषध," आक्का दुकानदाराला म्हणाली, "आन् डोळ्याला लागू द्यायचं न्हाई?"

"तसं सगळ्यावरच लिहितात ओ मॅडम. लिहायला लागतं."

"म्हंजी लागलं आन् डोळा गेला, तर तुम्ही म्हणायला मोकळे, की आम्ही लिहिलं हुतं." दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. तिनं त्यांनाही वाचून दाखवायला लावलं मला. मी वाचलं. या वेळी मला लाज वाटली नाही.

घरी येऊन तिनं आरसा उजेडाला, दारात ठेवला आणि डोळे आखले. नेहमीपेक्षा जाड, दोन-दोन हात देऊन, लग्नाला निघाल्यासारखे. एका डोळ्याला एक बाटली, दुसऱ्याला दुसरी. एकीनं काजळ निघालं पण डोळ्यावर तेलाचा पडदा आला, तिला समोरची मी दोन दिसायला लागले. दुसरीनं काही निघालंच नाही, नुसतं गालापर्यंत पसरलं. आम्ही दोघी हसलो. मग तिनं खोबरेल तेलानं सगळं साफ केलं, पुन्हा आखलं आणि निळी बाटली घेतली.

"आक्का, ही नको," मी म्हणाले.

"मग कळायचं कसं? ती पोरगी खोटं बोलती म्हणत्यात."

तिनं बाटली हलवली, बोळा भिजवला आणि दोन्ही डोळ्यांवर दाबून पुसलं. तिचे खांदे वर गेले. डोळ्यांतून धारा लागल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, तो तिनं हातानं बाजूला केला.

"पोरींना कुठं धुवायला मिळतं? जरा राहू दे."

ती तशीच बसून राहिली, मुठी मांडीवर. बऱ्याच वेळानं तिनं तांब्या मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दोन्ही पापण्या फुगून आल्या होत्या, पांढऱ्या कातडीवर लाल चट्टे. मला रडू आलं. ती आरशात बघून म्हणाली, "आता बोलू."

महिन्यातून एकदा आमच्याकडे कँटीनमध्ये सगळ्यांची सभा व्हायची, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी. प्लँटचे साहेब माइकवर यायचे, एचआरच्या मॅडम शेजारी. साहेब शेवटी म्हणायचे, कुणाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणानं विचारा. आणि कुणी काही विचारायचं नाही, अशी पद्धत होती.

आक्का त्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांवरच जाड रेघ ओढून आली होती. लांबून कळत नव्हतं. साहेबांचं वाक्य संपायच्या आत ती उठली आणि पुढं गेली. पिशवीतून निळी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"सर, ही ओळखता का तुम्ही?"

"काय आहे हे?"

"कंपनीनं बायकांच्या चेंजिंगरूममधी ठिवलीय. रोज डोळ्याला लावतो आम्ही. तुम्ही लावून बघितली का?"

साहेब हसले, आजूबाजूला बघून, म्हणजे इतरांनीही हसावं. "मी कशाला लावू? मी काय काजळ घालतो का?"

"मग मिशीला लावा. काळं निघतं का बघू."

साहेबांच्या कानाजवळचे केस पिकलेले होते आणि मिशी कोळशासारखी काळी. कँटीन हसत सुटलं. पोरं टेबलं बडवायला लागली. एचआरच्या मॅडमनी माइक ओढून घेतला. "मॅडम, प्लीज, पर्सनल बोलू नका."

"न्हाई बोलत," आक्का म्हणाली. तिनं पिशवीतून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढली, रुमालावर तेल घेतलं आणि सगळ्यांसमोर, शांतपणे, एक एक करून दोन्ही डोळे पुसले. भुवयासुद्धा.

हसणं थांबलं. माझ्या पुढच्या बाईनं तोंडावर हात ठेवला.

"ह्या बाटलीनं झालंय," आक्का म्हणाली. "परवा लावली, अजून उतरलं न्हाई. कोमल रोज लावत हुती, दुसऱ्याच्या बोळ्यानं. पुण्यात पडलीय ती."

एचआरच्या मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. मला तो आवाज आजही ऐकू येतो. "अहो मॅडम, आधी सांगायचं ना! तुम्हाला स्किनचा प्रॉब्लेम आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. तुम्ही डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा. तुमच्यासाठी एक्सेप्शन करू. तुम्ही नका पुसू."

"मॅडम, मी तुम्हाला कोड दाखवलं न्हाई. सूज दाखवली."

"हो, हो, पण—"

"सूज दिसली का तुम्हाला?"

मॅडम साहेबांकडे बघायला लागल्या.

"मला सोडणार. आन् बाकीच्या पोरींनी काय आणायचं? कोमलला कोड न्हाई. तिचा डोळा कशानं गेला?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "टाइम संपलाय. हे आपण नंतर बोलू." शिफ्टची बेल झाली आणि सगळे उठले. नंतर कुणी बोललं नाही.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये चर्चा होती. बाटलीची नाही, कोमलची नाही. कोडाची. सूज कुणाला दिसलीच नव्हती. कुणी म्हणालं, मला आधीच संशय होता. कुणी म्हणालं, एवढं झाकून ठेवलं, फसवणूकच ना ही. आक्काच्या शेजारची सीट रिकामी राहिली. मी जाऊन बसले तर मागच्या बाईनं माझ्या कानाशी येऊन हळू विचारलं, "तुम्ही एकाच ताटात जेवता का गं?"

"व्हय," मी मोठ्यानं म्हणाले, "एकाच ताटात. आणि एकाच टॉवेलला तोंड पुसतो. आणखी काय विचारायचंय?"

टॉवेल आमचे वेगळे होते. पण मला त्या क्षणी असं वाटलं की या बसमधल्या प्रत्येकाच्या तोंडाला ती निळी बाटली फासावी. शिकलेल्या बाया, हातात मोबाइल, कोड लागत नाही हे एका मिनिटात कळेल त्यांना. कळून घ्यायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात कंत्राटदाराच्या माणसाचा फोन आला. उद्यापासून तिचा पास गेटवर चालणार नाही. कारण? शिस्त. "कुणी ठरवलं?" आक्कानं विचारलं. तो म्हणाला, वरून आलंय. तिनं फोन माझ्याकडे दिला आणि कपडे धुवायला घेतले. एक पातळ तिनं इतकं आपटलं की किनार उसवली.

पुढच्या महिन्यात चेंजिंगरूममधलं टेबल गेलं. त्याच्या जागी खोकं आलं, प्रत्येकीला वेगळं, बंद पाकिटातलं ओलं कापड. दोन बेसिन वाढली. वर नोटीस: कर्मचाऱ्यांच्या आरोग्याला आमचे प्राधान्य. खाली एचआरच्या मॅडमचा पहिलं पाकीट फोडतानाचा हसरा फोटो. मी तो फोटो बघत उभी राहिले आणि मला लेट मार्क लागला. नंतर कधीतरी मीही ती नोकरी सोडली, पण ते वेगळ्या कारणानं. त्या फोटोमुळं सोडली असती तर मला जास्त आवडलं असतं.

आक्का मात्र कोमलमागं लागली होती. नोकरी गेली म्हणून वेळ होता, असं ती म्हणायची. राहूला जायचं, कोमलला घ्यायचं, पुण्याला डॉक्टरकडे न्यायचं, परत सोडायचं. कोमलच्या आईचं शेतमजुरीचं काम, तिला दर वेळी खाडा परवडत नव्हता. डॉक्टरांनी आक्काचेही डोळे बघितले आणि सूज पूर्ण जाईपर्यंत काजळ बंद सांगितलं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ती तशीच, उघड्या डोळ्यांनी गावोगाव फिरत होती. स्टँडवर एक माणूस बाकावरून उठून लांब जाऊन उभा राहिला आणि तिथून टक लावून बघायला लागला. आक्का म्हणाली, "लांबून काय दिसणार तुम्हाला? या, इथं बसा." तो पार रसवंतीच्या मागं गेला.

ती हसली नाही. त्या दिवसांत ती हसायचीच नाही. मागच्या खेपेला डॉक्टरांनी कोमलचा चांगला डोळा झाकून समोर बोटं धरली होती आणि कोमलला नुसता धूर दिसला होता.

शेवटच्या मोठ्या तपासणीला मी सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेले. दुपारची वेळ, बाकं भरलेली. आत बोलावलं. डॉक्टर बाई वयस्कर होत्या, घाईत. त्यांनी कोमलचा डावा डोळा झाकला आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट केलं. कोमलनं डोळाच मिटून घेतला. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. ती रडायलाच लागली, "मला भ्या वाटतंय. न्हाई दिसलं तर?"

आक्का उठली आणि स्टूल ओढून तिच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. "अक्षरं राहू दे. माझ्याकडं बघ. काय दिसतंय?"

कोमलनं डोळा चोळायला हात नेला, डॉक्टरांनी तो धरला. तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तोंड," कोमल म्हणाली.

"तोंड समोर हाय हे कुणीबी सांगंल. अजून?"

"डोळं." मग थांबली. मान खाली घातली. इतके आठवडे चांगल्या डोळ्यानं तिला ते दिसत होतं आणि तिनं कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. आत्ताही सांगावं की नाही असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"बोल की."

"तुझ्या पापण्या... पांढऱ्या हायेत." तिचा आवाज पार खाली गेला. "वरच्या सगळ्या. खालच्यात कडंला दोन काळ्या राहिल्यात. आन् भुवईत एक लांब केस हाय, पांढरा, वाकडा." मग घाबरून म्हणाली, "रागावलीस का?"

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं.

आक्कानं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि चेहरा आणखी पुढं नेला.

"न्हाई गं," ती म्हणाली. "सांग. आणखी सांग."